दोनशे चाळीस पानांची मोजणी

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं सहायक होतो. सहायक म्हणजे काचा धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, मायक्रोस्कोप मोजून बाहेर काढायचे आणि मोजून आत ठेवायचे. एवढ्या वर्षांत डोळ्यांसमोरून हजारो मुलं गेली. बहुतेकांचे चेहरे आता एकमेकांत मिसळून गेलेत. एका मुलीचं मात्र सगळं तारीखवार आठवतं, आणि त्याला कारण आहे. तिच्यावर जे ओढवलं त्यात माझाही हात होता.

तिला सगळे 'शंका' म्हणायचे. तास संपत आला, मुलं वह्या आवरायला लागली की हिचा हात वर. "मॅडम, एक शंका आहे." पहिल्या वर्षी मुलं कावायची, दुसऱ्या वर्षी त्यांनी नावच पाडून टाकलं. तिला त्याचं काही वाटत नसे. मैत्रिणींनी घरी फोन करून "शंका आहे का?" असं विचारलं की तिची आई म्हणायची, "आहेत की, भरपूर आहेत. ती स्वतः मात्र बाहेर गेलीय."

आई बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसभर पट्ट्यावरून झाकणं सरकत येत, त्यातलं वाकडं झाकण उचलून बाजूला टाकायचं, हे तिचं काम. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील पाट्या आल्यापासून काम निम्म्यावर आलं होतं, पण हात अजून असा, की शिडीवर उभ्याउभ्या पट्टी न लावता सरळ ओळ ओढत. घरात विज्ञान शिकलेलं कोणी नव्हतं. मुलगी झाडांचं काहीतरी शिकते, एवढंच दोघांना ठाऊक.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मॅडम पानांवरची रंध्रं शिकवत होत्या. पानाच्या खालच्या बाजूला बारीक बारीक तोंडं असतात, त्यांतून झाड हवा आत-बाहेर करतं. शंकाने हात वर केला.

"मॅडम, मोठ्या रस्त्यावरची झाडं धुराने काळवंडलेली असतात. त्यांच्या पानांवर तेवढीच रंध्रं असतात का?"

मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, दर वर्षी नव्याने नेमणूक होणाऱ्या. त्यांनी थोडा विचार केला. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मोजून बघतेस?"

आमच्याकडे पदवीच्या मुलांनी संशोधन करायची पद्धत नव्हती. पाठ्यपुस्तकातले ठरलेले प्रयोग करायचे, ठरलेलं उत्तर यायचं, नाही आलं तर शेजाऱ्याच्या वहीत बघून आणायचं. विभागप्रमुखांनी ऐकलं तेव्हा ते हसले. "काचा फोडू नका म्हणजे झालं," एवढंच म्हणाले. मॅडमनी ती परवानगी समजली.

पद्धत सोपी होती. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि अलगद ओढायची. पानाचा ठसा पट्टीवर येतो. पट्टी काचेवर चिकटवली की स्लाइड तयार. मग मायक्रोस्कोपखाली जो गोल दिसतो, त्यातली रंध्रं मोजायची. ओठांसारखी दिसतात ती, जोडीजोडीने मिटलेली किंवा जरा उघडी.

एकाच जातीची बारा झाडं तिने ठरवली. सहा मोठ्या रस्त्यावरची, सहा मागच्या शांत गल्लीतली. प्रत्येक झाडाची वीस पानं, सारख्याच उंचीवरची. त्यासाठी वडील आपली शिडी घेऊन यायचे. मोठ्या रस्त्यावर शिडी लागली की लोक जमत. एका दुकानदाराने पक्कं ठरवून टाकलं होतं की हे कसल्यातरी आजारावरचं औषध आहे, आणि तो रोज विचारायचा, कशावर चालतं. वडिलांनी शेवटी कंटाळून सांगितलं, "शंकेवर." तो म्हणाला, "मग मलाही थोडी द्या."

रस्त्यावरची पानं ती येताना सकाळी आणायची. तेव्हा मोठी प्रयोगशाळा रिकामी असे, म्हणून तिथल्या तीन नंबरच्या मायक्रोस्कोपवर बसायची. गल्लीतली पानं दुपारी. तेव्हा तिथे पहिल्या वर्षाचे प्रयोग चालू असत, म्हणून मी तिला आतल्या खोलीतला सात नंबर काढून देई. सात नंबरवर डोळे कमी दुखतात, असं ती म्हणायची. मी काही बोलायचो नाही.

पाच महिने ती मोजत होती. हातात एक मोजणीचं यंत्र, अंगठ्याने दाबलं की आकडा पुढे सरकतो. टक टक टक. बाहेरच्या खोलीतून मला तो आवाज ऐकू यायचा. कधी मध्येच थांबायचा आणि ती स्वतःशीच पुटपुटायची, "ह्याला मोजू का नको?" गोलाच्या कडेवर अर्धवट दिसणाऱ्या रंध्राबद्दल ते असे. मॅडमनी नियम करून दिला होता, डाव्या कडेवरची मोजायची, उजवीकडची सोडायची. ती तो अगदी कसोशीने पाळायची.

हिवाळा संपता संपता आकडे हातात आले. रस्त्यावरच्या पानांत एका गोलात सरासरी चाळीस रंध्रं, गल्लीतल्या पानांत एकोणपन्नास. म्हणजे गर्दीच्या रस्त्यावरच्या पानांवर जवळजवळ एक पंचमांश रंध्रं कमी. मॅडमनी आकडे तीनदा तपासले. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, संख्याशास्त्राची परीक्षाही पास. मला आठवतं, त्या दिवशी दोघीही जेवायला गेल्या नाहीत.

फेब्रुवारीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. त्यासाठीचा तक्ता वडिलांनी रंगवला. बाकी सगळ्यांचे तक्ते छापील, हिचा एकटीचा हाताने लिहिलेला, आणि अक्षर असं की परीक्षक आधी अक्षरासाठी थांबले आणि मग मजकूर वाचला. पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र, आणि वनस्पतिशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून अभिनंदन केलं, कॉलेजच्या अहवालात नोंद घेतली. स्पर्धेला आलेल्या एका मोठ्या संशोधन संस्थेच्या बाईंनी शंकाला उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने काम करायला बोलावलं. तिच्या घरी तर आनंदाला पारावार नव्हता. आईने वर्तमानपत्राचं कात्रण कारखान्यात नेलं, आणि परत आणलं तेव्हा त्यावर सगळ्यांची बोटं उमटलेली होती.

मार्चमध्ये मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा आला. चार वर्षांनी यंदा आला होता; आला की सगळी यंत्रं उघडून साफ करतो, तेलपाणी करतो. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. शंका एका बाजूला संस्थेत न्यायच्या स्लाइड निवडत बसली होती. त्याने सात नंबरचं आयपीस, म्हणजे ज्याला आपण डोळा लावतो ते भिंग, काढून हातात घेतलं आणि मला विचारलं, "हे इथे कुठून आलं? हे ह्याचं नाही."

मी म्हणालो, "असेल जुनं काहीतरी."

शंकाने मान वर केली. "त्याचं नाही म्हणजे?"

"तसं चालतं," तो म्हणाला. "मोठं तेवढंच करतं, दहा पटच. फक्त ह्यातून गोल मोठा दिसतो. डोळ्याला बरं वाटतं." त्याने तीन नंबरचं आयपीस काढून शेजारी ठेवलं. बाहेरून दोन्ही सारखीच, काळी, बोटभर उंचीची. "ह्यातून कमी दिसतं, ह्यातून जास्त."

तो बोलून गेला आणि कामाला लागला. मी तिच्याकडे बघत होतो. तिने हातातली स्लाइड तीन नंबरवर लावली. टक टक टक. एकोणचाळीस. तीच स्लाइड तशीच उचलून सात नंबरवर लावली. टक टक टक. अठ्ठेचाळीस. तिची मान मागून लाल झाली होती. ती उठली आणि म्हणाली, "काका, ती मोजपट्टीची काच कुठे असते? कपाटाची किल्ली द्या ना."

ती काच म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली, काचेवरच कोरलेली पट्टी. आमच्याकडे एकच होती, डबीत कापूस घालून ठेवलेली. तिने ती लावून बघितली. तीन नंबरच्या गोलात पंचेचाळीस रेघा मावत होत्या, सात नंबरच्या गोलात पन्नास. ऐकायला फरक थोडा वाटतो. पण गोल लांबीतही मोठा आणि रुंदीतही मोठा. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ पावपट जास्त. सात नंबरवर मोजलं की कुठल्याही पानाची रंध्रं जास्तच येणार. आणि गल्लीतली सगळी पानं तिने सात नंबरवर मोजली होती.

तिने कागदावर दोन भागाकार केले. दर चौरस मिलिमीटरला रस्त्यावर अडीचशे, गल्लीत अडीचशे. फरक नावालासुद्धा उरला नाही.

ती रडली नाही, ओरडली नाही. डबीत काच ठेवली, कापूस नीट दाबला, किल्ली मला दिली आणि निघून गेली. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही, तुमचं काही चुकलं नाही."

चुकलं होतं माझं. तीन वर्षांपूर्वी सात नंबरचं आयपीस साफ करताना माझ्या हातून पडून फुटलं होतं. नवं मागवायचं म्हणजे अर्ज, सह्या, चौकशी, यात सहा महिने सहज जाणार. भंगाराच्या कपाटात एक पडलेलं होतं, ते मी बसवलं. बसलं, दिसलं, कोणी विचारलं नाही. सामानाच्या वहीत मी काहीच लिहिलं नाही. त्या दिवशी दुरुस्तीवाल्यासमोर तोंड उघडलं नाही, ते आणखी वाईट. घरी गेलो, बायकोने दोनदा विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला दारातच गाठलं. "ते आयपीस मी बसवलं होतं," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली. फुटलेलं लपवायला."

 मला वाटलं, आता काहीतरी लागेलसं बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही बसवलंत ते बसवलंत. पण गोल मोजायचं काम माझं होतं. पहिल्याच दिवशी मोजायला हवा होता."

आम्ही दोघं मॅडमकडे गेलो. मॅडमनी सगळं ऐकलं, कागद बघितला, मग म्हणाल्या, "पाणी आण गं जरा." पाणी प्यायल्या. "हे मी तुला शिकवायला हवं होतं. मोजपट्टीची काच कपाटात ठेवून मी तुला डावी कड उजवी कड सांगत बसले." तेवढ्या अवघडलेल्या वेळीही मला वाटून गेलं, एका चुकीला तीन मालक निघाले, आणि तिघंही हक्क सोडायला तयार नाहीत.

"घाई नको," मॅडम शेवटी म्हणाल्या. "एका स्लाइडवरून काही ठरवायचं नाही. सगळ्या दोनशे चाळीस पुन्हा मोज. एकाच मायक्रोस्कोपवर. आणि ह्या वेळी कुठली स्लाइड कुठल्या झाडाची, हे तुला माहीत असता कामा नये."

ते काम आईकडे आलं. आईने स्लाइडवरची नावं कागदाची चिठ्ठी चिकटवून झाकली, वर एक ते दोनशे चाळीस आकडे घातले, तेही उलटसुलट करून, आणि यादी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली. शंकाने हा प्रसंग मला नंतर सांगितला. अर्ध्या स्लाइड झाल्यावर तिला राहवेना.

"आई, एकच सांग. तेहेतीस नंबर कुठल्या झाडाचा?"

"नाही."

"अगं, मोजून झालाय तो. आता सांगायला काय हरकत आहे?"

"मी पट्ट्यावर बसते तेव्हा कुठलं झाकण मालकाच्या मेव्हण्याच्या यंत्रावरचं आहे, हे मला कोणी सांगत नाही," आई म्हणाली. "सांगितलं तर मी त्यातलं एकही बाजूला काढणार नाही. जा, मोज."

तीन आठवडे लागले. परीक्षा तोंडावर होती, तरी ती रोज दोन तास येऊन बसायची. शेवटची स्लाइड झाली त्या दिवशी आईने यादी एका पाकिटात घालून मॅडमकडे पाठवली, आणि पाकीट चिकटवून जोडावर सहीसुद्धा केली होती. आकडे जुळवले. फरक शंभरात दोनचा, तोही कधी इकडे कधी तिकडे. म्हणजे काहीच नाही.

आता सांगायचं कोणाला आणि कसं, हा प्रश्न होता. प्राचार्यांनी मॅडमना आणि तिला बोलावलं. मी फायली घेऊन गेलो होतो म्हणून ऐकलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "स्पर्धा झाली, बक्षीस मिळालं. हे काही जगाला हादरवणारं संशोधन नाही. पुढच्या वर्षी सुधारून मांडा. आत्ता कशाला गाजावाजा?" मग मॅडमकडे बघून म्हणाले, "तुमच्या नेमणुकीचे कागदही याच महिन्यात जायचेत."

मॅडम खाली बघत होत्या. शंका म्हणाली, "सर, एक शंका आहे."

"बोल."

"पुढच्या वर्षी कोणी विचारलं की हे तुम्हाला कधी कळलं, तर आम्ही कुठली तारीख सांगायची?"

प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं. मग म्हणाले, "पत्र लिहा. मी सही करतो. पण लहान लिहा."

बक्षीस परत करायला ती आणि मी गेलो. मीच म्हटलं, मी येतो. ज्या कॉलेजने स्पर्धा भरवली होती तिथल्या लिपिकाने पत्र दोनदा वाचलं. प्रमाणपत्र घेतलं, ग्रंथ हातात घेऊन उलटापालटा केला. तिने त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं. तो म्हणाला, "बक्षीस दिल्याची सही घ्यायचं रजिस्टर आहे. परत घ्यायचं नाही. असं आजवर कोणी आलेलंच नाही." शेवटी त्याने दिल्याच्याच रजिस्टरमध्ये तिचं नाव खोडून शेजारी 'परत' असं लिहिलं आणि आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. बक्षीस दुसऱ्या नंबरच्या दोन मुलांना गेलं. त्यांच्यापैकी एकाचा तिला फोन आला. आभार मानेल असं तिला वाटलं. तो चाचरत विचारत होता, गोल मोजायचा कसा, कारण त्यांनीही मोजलेला नव्हता. तिने फोनवरच त्याला पाऊण तास समजावून सांगितलं.

संस्थेच्या बाईंनाही तिने कळवलं होतं. अकरा दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. निवड त्या कामाच्या आधारावर झाली असल्यामुळे जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला देत आहोत. शुभेच्छा. तिने पत्र मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर बेसिनवर जाऊन नळ सोडून तोंड धूत राहिली. बराच वेळ धूत होती. मॅडम चिडल्या. "एवढं खरं सांगितलं त्याचं हे फळ," असं काहीतरी म्हणाल्या. ती आत येऊन म्हणाली, "त्यांचंही बरोबर आहे, मॅडम. मी त्या आकड्यांवर गेले असते, आणि आकडे तर गेले." पण तिचा चेहरा पडलेला होता, आणि पुढचे आठ-दहा दिवस ती प्रयोगशाळेत फिरकलीच नाही. वडिलांबरोबर शिडी धरायला जायची म्हणे. वडिलांनी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला. "माझं अक्षर तर चुकलं नव्हतं ना तक्त्यावर?" त्यांनी विचारलं. ती हसली असं आईने सांगितलं, पण फार नाही.

मे महिन्यात एके दिवशी मी कपाटं आवरत होतो. एका खोक्यात तिच्या स्लाइड सापडल्या, वर 'खराब' लिहिलेलं. फेकून देऊ का, असं फोन करून विचारलं. आता न विचारता मी एक काडीही हलवत नव्हतो. ती म्हणाली, "थांबा, मी येते. बघून मग फेकू."

आली. सदतीस स्लाइड होत्या. मोजताना ठसा स्पष्ट नाही, मध्ये काळे ठिपके आहेत, म्हणून तिने त्या बाद करून त्यांच्या जागी दुसरी पानं घेतली होती. मॅडमना विचारूनच. ती एकेक लावून बघायला लागली. मी माझं काम करत होतो. टक टक ऐकू येईना म्हणून वळून पाहिलं, तर ती नुसती बघत बसली होती.

"काका, इकडे या. काय दिसतं सांगा."

मी डोळा लावला. मला रंध्रं ओळखता येतात, इतकी वर्षं तेच बघतोय. पण काही रंध्रांच्या तोंडात काळे कण बसले होते. ओठांत बी अडकावं तसे. "घाण आहे," मी म्हणालो.

"घाणच आहे. पण कुठे आहे बघा. तोंडात आहे." तिने स्लाइडमागची नावं बघितली आणि कागदावर रेघा मारल्या. सदतीसपैकी एकतीस रस्त्यावरच्या झाडांच्या होत्या, सहा गल्लीतल्या. "मी फेकत होते तेच बघायला पाहिजे होतं," ती म्हणाली. आवाजात आनंद होता असं मी म्हणणार नाही. जपून बोलत होती, जणू मोठ्याने बोललं तर हेही जाईल.

मॅडम सुट्टीवर होत्या, तरी दुसऱ्या दिवशी आल्या. नव्याने पानं आणायची ठरलं, कारण फेकलेल्या स्लाइडवर मोठी गोष्ट उभी करता येत नाही. पुन्हा तीच बारा झाडं, पुन्हा शिडी, पुन्हा तो दुकानदार. ह्या वेळी एकही स्लाइड बाद करायची नाही. एकच मायक्रोस्कोप, आणि सुरू करण्याआधी रोज मोजपट्टीची काच लावून आकडा वहीत लिहायचा. आईने पुन्हा चिठ्ठ्या चिकटवल्या. ह्या वेळी तिने कारखान्यातल्या मैत्रिणीकडून आकडे टाकून घेतले, म्हणाली, "माझ्या चेहऱ्यावरून हिला कळतं." दोन महिने ती आणि मॅडम रिकाम्या कॉलेजात बसून होत्या. पंखा चालू केला की पट्ट्या उडायच्या, म्हणून पंखा बंद. मी ओला टॉवेल खिडकीला लावून द्यायचो.

जुलैत पाकीट उघडलं. रंध्रांची संख्या दोन्हीकडे सारखीच. पण रस्त्यावरच्या पानांत दर शंभरातली अकरा रंध्रं कणांनी बुजलेली, गल्लीतल्या पानांत तीन. मॅडमनी लगेच पुस्तकं काढली. असं काही पूर्वी इतरांनीही पाहिलेलं होतं, दुसऱ्या झाडांवर, दुसऱ्या शहरांत. म्हणजे शोध म्हणावा असं काही नव्हतं. शंकाने ते वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं. म्हणजे आपण वेडे नाही."

मॅडमची नेमणूक पुढच्या वर्षासाठी झाली. बक्षिसाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. विषय शिकवायला दुसरं कोणी मिळालं नाही, म्हणून झाली. सामानाच्या वहीत मी लाल शाईने तीन वर्षांपूर्वीची नोंद केली आणि विभागप्रमुखांसमोर ठेवली. त्यांनी मला लेखी समज दिली, ती माझ्या फायलीत शेवटपर्यंत राहिली. ती मला जड वाटली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा स्पर्धा. वडिलांनी पुन्हा तक्ता रंगवला. शेवटी एक चौकट होती: 'मागील वर्षी आम्ही मांडलेला निष्कर्ष चुकीचा होता. कारण पुढीलप्रमाणे.' वडिलांनी त्या चौकटीला बाकीच्याइतकंच मोठं अक्षर वापरलं होतं. तिने लहान चालेल म्हटलं होतं, ते ऐकले नाहीत.

ह्या वेळी बक्षीस मिळालं नाही. पहिलं नाही, दुसरं नाही, उत्तेजनार्थही नाही. मी तक्ता उचलायला मदत करायला गेलो होतो, म्हणून परीक्षक आले तेव्हा तिथेच होतो. एक वयस्कर गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी ती चौकट सगळ्यात आधी वाचली.

"परत करणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"हो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. तक्ता वाचला आणि प्रश्न विचारायला लागले. कण किती मोठे, मोजले का? मोजले होते, तिने सांगितलं. शिडीच्या उंचीच्या वरच्या फांद्यांवर काय? थोडी पानं बघितली होती, कमी बुजलेली वाटतात, पण आकडा लहान आहे, असं तिने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बुजलेलं रंध्र पुन्हा मोकळं होतं का? की ते कायमचं गेलं?"

 शेजारच्या तक्त्यावरची मुलं उत्तर येत नसलं की काहीतरी ठोकून देत होती, मी ऐकलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी प्रत्येक पान तोडून आणलं. त्याच पानावर पुन्हा बघायचं तर ते झाडावरच ठेवायला पाहिजे."

"मग ठेवा," ते म्हणाले आणि पुढच्या तक्त्याकडे गेले.

तिने वहीत तो प्रश्न लिहून घेतला, खाली तारीख घातली. पदवी झाल्यावर पुढच्या शिक्षणात तोच विषय घेतला. दोरे बांधून खूण केलेली चाळीस पानं, चौदा आठवडे, तीच पानं, झाडावरच. थोडी मोकळी झाली, बरीच झाली नाहीत, आणि तसं का, हे तिला त्या चौदा आठवड्यांत कळलं नाही. अहवालात तिने तेच लिहिलं. आता ती शहराच्या उद्यान खात्यात आहे, कुठल्या रस्त्यावर कुठलं झाड लावायचं त्याच्या फायली तिच्याकडे जातात. लोक तक्रारी घेऊन येतात, अमक्या झाडाची पानं आमच्या गच्चीत पडतात, तमकं झाड पाटी झाकतं. ती त्यांच्याबरोबर जागेवर जाते, झाडाखाली उभी राहते आणि काही बोलायच्या आधी निदान अर्धा तास नुसतं विचारत बसते. तिच्याबरोबर काम करणाऱ्यांनाही आता त्याची सवय झाली आहे, असं ती मागच्या महिन्यात भेटली तेव्हा सांगत होती.